खंडेनवमीला कुंकू लावण्याआधी हत्यार हातात घेऊन बघा

महोदय,

दसरा आठ दिवसांवर आला. खंडेनवमीला भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये लेथला झेंडूच्या माळा पडतील, हातोड्या-पान्यांना हळदकुंकू लागेल. फिटर म्हणून ३४ वर्षं मी ही पूजा केली. यंदा ती करणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे, की कुंकू लावण्याआधी प्रत्येक हत्यार उलटंपालटं करून नीट बघा.

१९८८ साली मी एका लहान वर्कशॉपमध्ये होतो. शेजारच्या बाकावरचा सोबती गंजलेला बोल्ट छिन्नीने तोडत होता. ठोके खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलं होतं, कडांना चिरा गेल्या होत्या. आम्ही सगळेच ती तशी वापरायचो. एका ठोक्याला कडेची कपची उडाली, तांदळाच्या कणीएवढी. त्याचा उजवा डोळा गेला. गॉगल कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. १९४८च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी खास कलम ३५ होतं, पण आमच्यासारख्या पाच माणसांच्या शेडपर्यंत तो कायदा पोचतच नव्हता.

छिन्नीची धार कडक केलेली असते, डोकं मात्र मुद्दाम नरम ठेवतात. ते कडक केलं तर हातोड्याखाली फुटेल. नरम म्हणून ते पसरणारच. पसरलं की ग्राइंडरवर धरून कडा काढून टाकायच्या, दोन मिनिटांचं काम. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण पोरगं कामाला लागतं आणि तिथले जुने लोक म्हणतात, ‘चालतंय रे!’ हा शब्द ऐकला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट बिनमुठीच्या कानशीची. कानशीचं मागचं शेपूट टोकदार असतं. कानस कामात अडकली की ते थेट तळहातात घुसतं. अजूनही दहा शेडमध्ये डोकावलं तर कुठेतरी त्या शेपटाला चिंधी गुंडाळलेली दिसते. लाकडी मुठीला पैसे किती लागतात? ती बसवायलाही कौशल्य नको. शेपूट मुठीच्या भोकात घालायचं, कानस उभी धरायची आणि मुठीचं बूड बाकावर दोन-तीनदा आपटायचं. कानस स्वतःच्या वजनाने आत बसते. कानशीवर हातोडा मात्र कधीच मारू नये आणि तिचा पहारीसारखा उपयोगही करू नये. ती कडक असते, वाकत नाही, काचेसारखी तुटते.

घरीही हेच. परवा आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी मिक्सरचा प्लग तळहातावर धरून स्क्रू पिळला. स्क्रू ड्रायव्हर सटकला, चार टाके पडले. वस्तू टेबलावर ठेवली असती तर ओरखडा टेबलाला आला असता. हातोड्याचं डोकं हललं की तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. लाकूड फुगतं, डोकं घट्ट वाटतं आणि वाळलं की पुन्हा ढिलं होतं. नवी पाचर ठोका, नाहीतर दांडाच बदला. आणि डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नका, कुणाला रुमालाच्या टोकाने काढूही देऊ नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

तो सोबती आता गावी असतो. दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो आणि पायरी उतरताना माझा हात धरतो.

संपादक साहेब, खंडेनवमीच्या अंकात पूजेच्या मुहूर्ताशेजारी एक लहान चौकट द्याल का? पसरलेली छिन्नी, बिनमुठीची कानस, ढिला हातोडा, एवढी तीन चित्रं पुरेत. शेडमध्ये पेपर भिंतीला चिकटवतात, तिथे ती वर्षभर दिसतील.

– एक निवृत्त फिटर, चिंचवड