वाढीचा तक्ता चालण्यापाशीच का थांबतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत बाळाच्या हालचालींच्या टप्प्यांचा तक्ता नुकताच प्रसिद्ध झाला, त्याविषयी हे पत्र आहे. पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे आणि चालणे यांपैकी प्रत्येकासमोर त्यात एकेक महिना लिहिला असून चालण्यासमोर ‘१२’ हा आकडा टाकून तक्ता संपतो. मी २२ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि वर्षाच्या आतल्या मुलांना व ऐंशीच्या पुढच्या माणसांना उठायला-बसायला शिकवण्याचे काम पुष्कळदा एकाच दिवशी माझ्या वाट्याला येते. त्यामुळे या तक्त्याबद्दल दोन हरकती नोंदवाव्याशा वाटतात. एक त्यातल्या आकड्यांबद्दलची आहे. दुसरी तो जिथे संपतो त्या जागेबद्दलची, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

आधी आकड्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये सहा टप्प्यांची वयोमर्यादा प्रसिद्ध केली. तीत आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि कोणाचा हात न धरता चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा दिला आहे. म्हणजे नवव्या महिन्यात चालू लागलेले मूल आणि सतराव्या महिन्यात चालू लागलेले मूल, दोघेही सारखेच निरोगी असू शकतात. याच पाहणीत शंभरातली सुमारे चार मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. हे ठाऊक नसलेले आईवडील चौदाव्या महिन्यात मूल घेऊन येतात, तेव्हा मूल टेबलाच्या कडेकडेने मजेत पावले टाकत असते आणि पालकांचा चेहरा मात्र परीक्षेत नापास झाल्यासारखा उतरलेला असतो. मग घाईने वॉकर आणला जातो. चाकांच्या त्या चौकटीत मुलाला स्वतःची पावले दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही आणि ते चवड्यांनी जमीन ढकलत पुढे जाते. चालायला शिकण्याला त्याची मदत होत नाही, उलट जिन्यावरून कोसळण्याचा धोका तेवढा वाढतो. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. खरोखर काळजी करण्यासारख्या खुणा वेगळ्या असतात. वर्षाच्या आतले मूल सतत एकाच हाताने वस्तू उचलत असेल, किंवा एकदा जमलेली हालचाल त्याला नंतर जमेनाशी झाली असेल, तर महिने मोजत न बसता डॉक्टरांना दाखवावे. एवढ्या दोन ओळी तक्त्याखाली असत्या, तरी त्याचा उपयोग दुप्पट झाला असता.

एकेक महिना छापण्यामागे एक जुनी समजूत आहे. मेंदू पक्व होत जातो आणि त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे शरीर एकेक हालचाल करू लागते, अशी ती मांडणी असून अमेरिकेतील आर्नल्ड गेसेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती रूढ केली. तिला मोठा धक्का दिला तो एस्थर थेलन यांच्या प्रयोगांनी. नवजात बाळाला बगलांत धरून त्याचे तळवे टेबलाला टेकवले, तर ते चालल्यासारखे पाय उचलते. साधारण दोन महिन्यांनी ही हालचाल नाहीशी होते, आणि मेंदू पक्व होताना ती दडपून टाकतो असे पाठ्यपुस्तके सांगत असत. थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बाळांना पाय पाण्यात बुडतील असे उभे धरले, तेव्हा पावले पुन्हा पडू लागली. आणि जी बाळे अजून पावले टाकत होती त्यांच्या पायांना छोटी वजने बांधली, तेव्हा त्यांची पावले कमी झाली. मेंदू काही विसरला नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत पायांवर चरबी झपाट्याने चढते आणि स्नायूंची ताकद तिच्या मागे पडते, एवढेच घडले होते. पायाचे वजन आणि पायाचे बळ यांचा मेळ बिघडला की पाऊल हरवते, आणि तो मेळ कोणी जुळवून दिला की ते परत येते. हे वाक्य मी बाळाविषयी लिहिले असले, तरी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी वृद्धांना ते जसेच्या तसे लागू पडते.

मधल्या वयांबद्दल थोडक्यात लिहिते. वयात येताना उंची वाढण्याचा वेग मुलींत साधारण बाराव्या आणि मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. त्यातही आधी हातापायांचे पंजे वाढतात, मग लांब हाडे, आणि धड सर्वांत शेवटी. महिन्यापूर्वीच्या मापांवर बेतलेली हालचाल नव्या मापांना पुरत नाही, म्हणून सरळ धावणारा मुलगा अचानक दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागतो. त्याला वेंधळा म्हणू नये, इतकेच सांगणे आहे. ताकद विशी-तिशीत शिखरावर पोहोचते आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात. साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. त्यातही वेगाने आकसणाऱ्या तंतूंची झीज जास्त होते, आणि ठेच लागल्यावर झटकन दुसरे पाऊल पुढे टाकून सावरायला नेमके तेच तंतू लागतात.

ही घसरण घरात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिचा तक्ता कोणी भिंतीवर लावलेला नसतो. खुर्चीतून उठण्याचेच पाहा. पावले गुडघ्यांच्या खाली मागे ओढून घ्यायची, धड कमरेतून वाकवून नाक पायांच्या बोटांच्याही पुढे न्यायचे, आणि बूड सुटेल त्या क्षणी सगळा भार मांड्यांनी पेलायचा, अशी ही क्रिया आहे. पुष्कळ वृद्ध पुढे झुकायलाच घाबरतात, मागे रेललेल्या अवस्थेतच उठू पाहतात आणि पुन्हा खुर्चीत आदळतात. शेजारी उभा असलेला मुलगा किंवा सून मायेपोटी बगलेत हात घालून त्यांना वर ओढते. ओढल्यामुळे धड आधीच सरळ होते, वजन टाचांच्या मागे राहते, आणि मांड्यांनी करायचे काम दुसऱ्याच्या हातांनी होऊन जाते. महिनाभर असे उचलले गेलेले आजोबा माझ्यासमोर येतात, तेव्हा ‘त्यांना आता उठताच येत नाही’ असे घरचे सांगतात, आणि तोवर ते खरेही झालेले असते. मी त्यांना एक उशी घालून उंच केलेल्या खुर्चीवर बसवते, समोर स्टूल ठेवते आणि त्यावर हात टेकवून नुसते झुकायला सांगते. उशी काढण्याचा दिवस कधी तीन आठवड्यांनी येतो, कधी दोन महिन्यांनी. काहींच्या बाबतीत येतच नाही, हेही कबूल करायला हवे.

वयाला दिला जाणारा दोष किती वेळा खरे तर अंथरुणाचा असतो, याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहायला सांगण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की त्यांची शारीरिक क्षमता तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. उलट बाजूचा दाखलाही आहे. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वृद्धनिवासातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून मांड्यांचा वजनांचा व्यायाम आठ आठवडे करून घेतला गेला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीतल्या स्नायूलाही शिकता येते, याहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

पडण्याबद्दलची आपली दुहेरी नजरही मला खटकते. कॅरन अॅडॉल्फ यांच्या २०१२ च्या अभ्यासात एक ते दीड वर्षाच्या आसपासची मुले खेळताना तासाला सरासरी सुमारे २४०० पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. त्या पडण्याला आपण शिकणे म्हणतो. वृद्ध मनुष्य एकदा पडला, की त्याचे चालणेच बंद केले जाते. मुलाची उंची कमी आणि हाडे लवचिक असतात, वृद्धाचे खुब्याचे हाड मोडू शकते, हा फरक मी रोज पाहते. पडल्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरण पावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचा वाटा मोठा आहे. परंतु चालणे थांबवून तो धोका टळत नाही, कारण थांबलेल्या पायांची ताकद आणि तोल आणखी कमी होतो आणि पुढच्या वेळी न्हाणीघरापर्यंतची चार पावलेही धोक्याची ठरतात. कठडा धरून, भिंतीजवळ, कोणी शेजारी उभे असताना केलेला तोलाचा सराव हाच त्यावरचा मार्ग आहे. पासष्टीच्या पुढच्यांनी तो आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही म्हटले आहे.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत त्याच जागी आणि तेवढ्याच ठळकपणे तक्त्याचा उत्तरार्धही छापावा. हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त वेळ लागतो का, नेहमीच्या चालीने चार मीटर अंतर जायला पाच सेकंदांहून जास्त लागतात का, आणि चालता चालता कोणी काही विचारले तर उत्तर देण्यासाठी पावले थांबवावी लागतात का, इतक्या नोंदी घरच्या घरी घेता येतात. शेवटची नोंद गंमत वाटेल. पण बोलण्यासाठी चालणे थांबवणारे वृद्ध पुढच्या काळात अधिक पडतात, हे १९९७ मध्येच स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले आहे. या नोंदी दर सहा महिन्यांनी, बाळाचे वजन जसे लिहून ठेवतात तशा, तारखेसह लिहून ठेवल्या, तर मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते दिसेल आणि उपचार वेळेवर सुरू करता येतील. आपली तयारी असल्यास हा मजकूर मी तयार करून पाठवीन. मात्र बाळाच्या तक्त्यातले एकेरी आकडे पुढच्या अंकात दुरुस्त करून ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे छापावेत, ही अट समजा किंवा आग्रह समजा.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक