बॉम्बचे नव्हे, पाण्याचे विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात राहतो. त्यामुळे जैतापूरच्या सुमारे दहा हजार मेगावॅटच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "ही अणुभट्टी बॉम्बसारखी फुटली तर?" ती तशी फुटू शकत नाही. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ चे, म्हणजे युरेनियमच्या सहज फुटणाऱ्या प्रकाराचे, प्रमाण साधारण ९० टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीत वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक युरेनियममध्ये ते जेमतेम ०.७ टक्के असते.

एवढ्या विरळ इंधनावर भट्टी चालते ती जड पाण्यामुळे, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यामुळे. विखंडनातून, म्हणजे अणू फुटताना, सुटणाऱ्या न्यूट्रॉनचा वेग ते कमी करते, पण साध्या पाण्याप्रमाणे त्यांना गिळत नाही, म्हणून एका अणूमागून दुसरा फुटण्याची साखळी तुटत नाही. इंधनाच्या गोळ्या बोटाच्या टोकाएवढ्या असतात. त्या भरलेल्या ३७ नळ्यांची अर्धा मीटर लांबीची जुडी बांधतात आणि भट्टी चालू असतानाच यंत्रे एका टोकाने नवी जुडी आत ढकलतात, दुसऱ्या टोकाने वापरलेली काढून घेतात. पुढे वाफ आणि टर्बाइन, कोळशाच्या केंद्रात असते तेच. फक्त धूर आणि राख नाही. एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाल्यास चांगल्या प्रतीच्या सुमारे तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते. शिवाय ही वीज ऊन-वाऱ्यावर अवलंबून नाही. कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्राची पहिली भट्टी ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबवली, तेव्हा ती सलग ९६२ दिवस चाललेली होती.

धास्ती बाळगायचीच तर ती बंद भट्टीची बाळगावी. साखळी थांबल्यावरही इंधनातली किरणोत्सारी द्रव्ये तापतच राहतात. सुरुवातीला ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते आणि ती आधी झपाट्याने, मग हळूहळू ओसरते. जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात २०११ साली भूकंप होताच चालू भट्ट्या व्यवस्थित बंद पडल्या होत्या. नंतर त्सुनामीचे पाणी डिझेल जनरेटरपर्यंत पोचले, इंधन थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि इंधन वितळले. स्फोट झाले ते हायड्रोजनचे.

तेव्हा जैतापूरच्या बातम्यांत मेगावॅटचे आकडे छापताना, बाहेरची वीज गेली आणि जनरेटरही बुडाले तर भट्टीला पाणी कुठून व किती दिवस मिळणार, हे अधिकाऱ्यांना विचारून त्यांचे उत्तरही आपण छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बोईसर (जि. पालघर)