निरंक

मालगुंड, जि. रत्नागिरी
श्रावण वद्य पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरहून परतल्यापासून तुला सविस्तर लिहायचे राहूनच गेले. दवाखान्यातल्या त्या अकरा दिवसांत वहिनींनी दोन्ही वेळचा बिनमिठाचा डबा पोहोचवला. त्याचे आभार मानू लागलो तर तू पुढचे वाचणारच नाहीस, म्हणून थेट बाबूवर येतो.

आमचा दिवस त्याच्या सकाळच्या पहिल्या लघवीपासून सुरू होतो. ती काचेच्या एका जुन्या पेल्यात धरायची, त्यात पट्टी बुडवून पेल्याच्या काठावर निथळायची आणि मिनिटभराने बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. पट्टी पिवळी राहिली तर लघवीतून प्रथिने जात नाहीत. हिरवी झाली तर जात आहेत, आणि हिरवा जितका गडद तितके वाईट. या पावसाळी काळोखात पिवळा कोणता आणि पोपटी कोणता, यावरून बाबूची आई आणि मी ट्यूबलाइटखाली उभे राहून कुजबुजत भांडतो. तोवर बाबू चड्डी सावरत मधे घुसतो आणि विचारतो, "बाबा, आज पिवळाच ना?" मग वहीत तारीख, वजन, गोळी आणि पुढे 'निरंक'. कचेरीतून आजवर माझ्या हातून असे कितीतरी निरंक अहवाल वर गेले, पण त्या शब्दाकडे मी कधी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. आता तो लिहून झाल्यावर त्याखाली उगीच एक रेघ ओढतो.

दुखण्याचे नाव तुला ठाऊक आहेच, नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने निसटतात, रक्तात ती कमी पडली की पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून अंगात साठते. मला बोचते ते वेगळेच. ज्येष्ठात त्याचे गाल भरू लागले तेव्हा आम्ही दोघे खूश होतो; पोर अंगाने सुधारले म्हणून माझ्या आईने दृष्टसुद्धा काढली. सकाळी डोळे सुजलेले दिसू लागले तेव्हा इथल्या डॉक्टरांनी ॲलर्जी समजून डोळ्यांत घालायचे औषध दिले आणि त्यात आठवडा गेला. पण त्यांना तरी काय बोलू? घरात चोवीस तास पाहणारा मी होतो. शेवटी पायमोज्याचा वण संध्याकाळपर्यंत जाईना, नडगीवर बोट दाबले की खळगा तसाच राही, आणि 16 किलोचे पोर 20 वर गेले, तेव्हा कुठे आंबा घाट चढलो.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यावर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या दिवशी लागोपाठ निरंक आले. सूज लघवीवाटे उतरून वजन पुन्हा 16 झाले. त्या आठवड्यात पोराच्या बरगड्या दिसू लागल्या. स्टेरॉइड मात्र पहिले सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे कमी मात्रेत दिवसाआड चालायचे आहे, आणि ते मधेच आपल्या मनाने बंद करायचे नाही. त्याने आता चेहरा पुन्हा वाटोळा झाला आहे, आणि गंमत बघ, वाडीतली माणसे पुन्हा तेच म्हणतात, "भरला हो झिल!" मी नुसती मान हलवतो. भूक तर अशी की रात्री तीनला उठून भाकरी मागतो. परवा त्याने देवापुढच्या वाटीतले खोबरे संपवले आणि देवानेच दिले म्हणून सांगितले.

सर्वांत मोठे रणकंदन मिठाचे. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी थोडी ढील दिली, तरी वरून मीठ नाही, आणि लोणचे, पापड, फरसाण तर नाहीच नाही. तू कोकणातला पावसाळा जाणतोस. आमची सगळी बेगमीच मिठात असते. खारातल्या कैऱ्या, खारवलेले गरे, सुके बांगडे, सांडगी मिरच्या, आमसुलेसुद्धा. आईला आधी हे पटेना. "पेजेबरोबर मिठाची फोड नको तर पोराने गिळायचे कसे?" असे म्हणून तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर बरण्या माळ्यावर गेल्या होत्या आणि ती स्वतःही ताकात नुसते जिरे घालून जेवत होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरण्या खाली आल्या असत्या.

आता गणपतीला जेमतेम पंधरा दिवस राहिले. मुंबईहून अठरा माणसे येणार, त्यांत कुणी ना कुणी खोकत येणारच, आणि सर्दी-तापाच्या निमित्ताने हे दुखणे उलटते. तीन दिवस लागोपाठ पट्टी गडद हिरवी आली तर पुन्हा रोजच्या गोळ्या. बऱ्याच मुलांत ते एकदा तरी उलटतेच, असे डॉक्टरांनी निघताना स्पष्ट सांगितले आहे. म्हणून यंदा बाबूची आणि त्याच्या आईची निजायची सोय माडीवर केली आहे. आरतीला तो मागच्या दाराशी माझ्या खांद्यावर बसेल. थोरल्या काकांना हे रुचलेले नाही, पण या एका बाबतीत मी त्यांचे ऐकणार नाही.

तू नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी येशील, तेव्हा एक काम कर. त्या पट्ट्यांची बाटली इथल्या दुकानात मिळत नाही आणि आमच्याकडे जेमतेम वीस पट्ट्या उरल्या आहेत. दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानातून दोन बाटल्या घेऊन ये. मुदतीची तारीख मात्र पाहून घे. आणि दरवर्षीचा भडंग या खेपेला आणू नकोस.

तुझा,
बाबूचा बाबा