समुद्रात उभी असलेली माणसं

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आमच्या गावात समुद्र शिरला, हे आईला कुणी सांगितलं? व्हिडिओत छातीभर पाण्यात दिसतात ती माणसं नव्हेत, पुतळे आहेत. अँटनी गॉर्मली या शिल्पकारानं स्वतःच्या अंगावरून १७ साचे काढून बिडाचे १०० पुतळे ओतून घेतले, एकेक ६५० किलोचा. २००५ पासून आमच्या या क्रॉसबीच्या, म्हणजे इंग्लंडात लिव्हरपूलजवळच्या, किनाऱ्यावर तीन किलोमीटरभर उभे आहेत, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आबा, तुम्ही असता तर आधी टिचकी मारून बघितली असती. वर गंज चढलाय आणि पायांना शिंपल्यांचा असा थर, की हात फिरवला तर सोलून निघेल.

समुद्र वाढतोय हे सांगायला ते केलेले नव्हेत, पण आता बघणाऱ्याला तेच दिसतं. मुद्दाम त्यासाठी दुसऱ्या एका शिल्पकारानं केले ते लंडनला, २०१५ मध्ये: थेम्सच्या पात्रात चार घोडेस्वार, घोड्यांची तोंडं तेल उपसणाऱ्या पंपाची, भरतीला बुडायचे.

एक मात्र मला अजून उमगत नाही. इथली माणसं पुतळ्यांना कपडे घालतात. पोरंटोरं नव्हेत, चांगली नातवंडंवाली माणसं! कुणी मफलर गुंडाळतं, कुणी फुटबॉलची जर्सी चढवतं, नाताळात लाल टोपी. नवस नाही, पूजा नाही, टिंगलही नाही. भरतीत सगळं भिजून लोंबतं, की पुन्हा कुणीतरी नवीन घालतं. शेजारच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, गार वारं असतंय की!

मी लांबच्या पुतळ्यांपर्यंत जात नाही. वाळूखाली चिखल आहे आणि मोठ्या भरतीला पाणी २५ फुटांहून जास्त चढतं. तसे फलक लावलेत, आणि मला वाचता येतं.

काळजी पंचगंगेची करा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं, की मूर्ती वर हलवा. ४३ची, म्हणजे धोक्याच्या पातळीची, वाट बघत बसू नका. २०१९ला ५५च्या वर गेलं, तेव्हा आपल्या शाडूचा नुसता गाळ झाला होता.

पैसे पाठवलेत, थोडे कमी आहेत. इथलं भाडं वाढलंय, बाकी मजेत आहे. आधी पोटमाळा करून घ्या, ताईचे दागिने दिवाळीनंतर. हे तिला वाचून दाखवू नका. गडहिंग्लजच्या मुलीचा फोटो बघितला. नाही म्हणत नाही, पण त्यांना तारीख देऊ नका. गणपतीला रजा मिळाली नाही. डोळ्यांच्या आखणीला यंदाही बाहेरचा माणूस बोलवा, त्याची मजुरी मी देतो.

तुमचा,
बाळू