पुलाच्या निविदेत सिमेंटचा प्रकारही लिहा: बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय बांधकाम मंत्री महोदय,

किनाऱ्यावरच्या पुलांच्या निविदेत काँक्रीटची २८ दिवसांची ताकद आणि सळईवरचे कव्हर (सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराची जाडी) नेमके लिहिलेले असते. सिमेंटचा प्रकार मात्र बऱ्याचदा ठेकेदारावर सोडलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, काही वेळा समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते म्हणून सल्फेटरोधक सिमेंट सक्तीचे होते. त्यात ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट हा सिमेंटमधला घटक मुद्दाम ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात, आणि समुद्राच्या मिठातल्या, सळई गंजवणाऱ्या क्लोराइडला फ्रीडेल क्षार या संयुगाच्या रूपात बांधून ठेवणारा घटक नेमका तोच! सल्फेटपासून काँक्रीट वाचते, सळई गंजते.

आमची मागणी अशी: भरती-ओहोटीच्या आणि लाटांचे तुषार उडणाऱ्या पट्ट्यात ५० ते ७० टक्के स्लॅग (लोखंडाच्या झोतभट्टीतली दळलेली मळी) किंवा २५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) असलेले बाइंडर (सिमेंट आणि त्यात मिसळलेली अशी पूड) वापरावे, पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.४० च्या वर जाऊ नये. अशा काँक्रीटमधली छिद्रे बारीक होतात, एकमेकांपासून तुटतात. शिवाय स्लॅगमधला अॅल्युमिना क्लोराइड बांधतो. सिलिका फ्यूम या अतिसूक्ष्म सिलिका पुडीनेही छिद्रे बारीक होतात, पण क्लोराइड बांधण्यात त्याची मदत नाही.

अडचण वेगाची आहे. हे मिश्रण सावकाश घट्ट होते. ताकद तपासायचा २८ दिवसांचा क्यूब (काँक्रीटचा ठोकळा) नापास होईल या धास्तीने साइटवर स्लॅग घटवला जातो. क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) लवकर थांबवले तर सर्वाधिक नुकसान बाहेरच्या थराचे, म्हणजे कव्हरचेच होते. म्हणून क्युरिंग किमान १४ दिवस असावे आणि त्याचे पैसे निविदेत वेगळी बाब म्हणून द्यावेत. दरात मुरवलेले क्युरिंग होत नाही. स्वीकृतीची चाचणी ५६ किंवा ९० दिवसांनी, क्लोराइड मायग्रेशनची, म्हणजे क्लोराइड काँक्रीटमध्ये किती वेगाने शिरते याची, घ्यावी. कूलॉम, म्हणजे काँक्रीटमधून गेलेला विद्युतभार, मोजणारी चाचणी छिद्रांतल्या पाण्याची विद्युतवाहकताही मोजते, त्यामुळे कॅल्शियम नायट्राइट हे गंजरोधक घातलेले काँक्रीट तिच्यात उगाच वाईट दिसते.

कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) मात्र कोणत्याही सिमेंटसोबत तपासावेच लागतील. क्लोराइडला सळईपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने कव्हरच्या वर्गाप्रमाणे बदलतो: ५० ऐवजी ३५ मिमी पडले, तर तो जवळपास निम्मा होतो.

हा नियम सरसकट सगळीकडे लावू नये, हेही सांगतो. पावसापासून आडोशाला असलेल्या कोरड्या भागांत स्लॅगबहुल काँक्रीटचे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी होणारी अभिक्रिया) लवकर होते, आणि कार्बोनेशन बांधलेले क्लोराइड पुन्हा मोकळे करते. तिथे स्लॅगचे प्रमाण कमी ठेवण्याची मुभा संकल्पक अभियंत्याला असावी, कारणे लेखी नोंदवून.

आपले,
काँक्रीटच्या टिकाऊपणावर काम करणारे अभियंते