पाणी तोडू नका, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा निघताना दोरीवरचे टॉवेल मोजले. अकरा. आई म्हणाली, "धूळ फार आहे रे हल्ली," आणि आत गेली. त्यातलाच एक चौपदरी घडी करून तुम्ही पायजम्यात ठेवता, हे मी पाहिलं. फोनवर तुम्ही "बाकी सगळं ठीक" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.

प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली झडपही जाते आणि सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. म्हणून शिंकलात, खोकलात, खुर्चीतून उठलात की लघवी गळते. ऑपरेशनला तीनच महिने झालेत. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात पुष्कळ आटोक्यात येतं.

तुम्ही मात्र पाणीच तोडलंत. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीपार, आणि दिवसभरात दोन फुलपात्रं! लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. वर पोट साफ होत नाही, कुंथलं की पुन्हा गळती. पाणी पूर्वीसारखं प्या, फक्त झोपायच्या आधी नको. तोडायचा तर चहा तोडा. सहाचे दोन कप करा. (इथे तुम्ही पत्र बाजूला ठेवणार, माहीत आहे.)

आता व्यायाम. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो, तेच आवळायचं. पाच सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या ढिल्या. श्वास रोखायचा नाही. उठण्याआधी, खोकण्याआधीही आवळा. जमतंय की नाही ते फिजिओथेरपिस्ट बघून सांगतात, मी बरोबर येईन.

आई, टॉवेल बंद. ओल्या कापडानं कातडी सोलवटते. पुरुषांचे पॅड पाठवतोय. रोज किती लागले ते कॅलेंडरवर लिही, दुधाच्या हिशेबाशेजारी. डॉक्टर तेच विचारतात. ताप, जळजळ, रक्त, किंवा लघवी अडली, तर माझी वाट न बघता दवाखाना गाठा.

वर्षानंतरही राहिलंच तर ऑपरेशनं आहेत. एकात मूत्रनलिकेखाली पट्टी बसवतात. दुसऱ्यात नलिकेभोवती कृत्रिम झडप आणि अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप. दाबला की झडप उघडते. पण ते पुढचं पुढे.

शनिवारी येतोय. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊ. गडद पँट घाला. जादा पॅड माझ्या पिशवीत असेल.

तुमचा,
बाळू