मुरलीने रेशमाची अळी खाल्ली

नाशिक,
२५ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आधी चिंगीला सांग, आमचा मुरली, भाच्याचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), जेवला. कुणी तोंडात न घालता, स्वतःच्या जिभेने जेवला. फोनवर मी नुसतं "खात नाही रे, बरा नाही" एवढंच म्हणत राहिलो आणि तुम्हा सगळ्यांना घोर लावून ठेवला, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

नाशिकची थंडी तुला माहीत आहे. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की बागाईतदार रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. त्याच दिवसांत मुरलीने खाणं सोडलं. मला आधी थंडीचाच संशय आला. हा प्राणी मूळचा येमेनचा आणि सौदीच्या नैऋत्य कोपऱ्यातला. अंगात स्वतःची ऊब नसल्यामुळे बाहेरून उष्णता मिळाली नाही तर त्याचं पचन थांबतं. पोटात गेलेला किडा तसाच कुजतो. म्हणून पिंजऱ्यातल्या दिव्याखालच्या फांदीवर ३० अंशांच्या आसपास तापमान ठेवलं, रात्री पिंजऱ्याला तीन बाजूंनी गोधडी लावली. भाच्याने जर्मनीला जाताना मुरलीबरोबर एक वहीही माझ्या हवाली केली होती, तिच्यातलं सगळं पडताळून पाहिलं. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी नळी नवी होती. किड्यांवर कॅल्शियमची पूड होती. पण तो रातकिड्याकडे एक डोळा वळवायचा, दुसरा माझ्याकडे, आणि मग दोन्ही मिटून घ्यायचा. शॅमेलिऑनने भर दिवसा डोळे मिटले की काहीतरी दुखतंय असं समजायचं, हे त्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे.

सराफाकडे असतो तसला छोटा काटा भाच्याने ठेवला होता, त्यावर रोज वजन करायला लागलो. १४२ ग्रॅमचा मुरली १२१ वर आला. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली, डोळ्यांचे बुरूज आत गेले आणि विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला. तो भाग म्हणजे त्यांची लघवी. निरोगी प्राण्याची ती पांढरीशुभ्र असते. नारिंगी झाली की अंगातलं पाणी आटलंय.

तू विचारलंस, उपाशी आहे तर तोंड उघडून भरवत का नाही? हे मला शेजाऱ्यांपासून सगळ्यांनी विचारलं, म्हणून जरा नीट सांगतो. त्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशी, अगदी पुढे असतं. सिरिंजने घाईत पातळ काही सोडलं तर ते फुप्फुसात जातं. हाडं कमजोर असतील तर बोटाच्या जोराने जबडा मोडू शकतो. आणि अंगातलं पाणी आटलेलं असताना जड प्रथिनं घातली तर सगळा भार मूत्रपिंडांवर पडतो. म्हणून आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न शेवटी. हा क्रम मी कागदावर लिहून पिंजऱ्यावर चिकटवला, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्याची दया यायची आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं.

पाण्याचं काम आईने अंगावर घेतलं. तो वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंबच पितो. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, बाटली वर टांगली आणि नळी जास्वंदीच्या पानांवर सोडली. आई सकाळी देवपूजेसाठी जास्वंद तोडते तेव्हाच त्याच्यासाठी कोवळी पानं बाजूला काढते. ही जात पानंही खाते, बाकीचे बरेचसे शॅमेलिऑन खात नाहीत. आई टेबलाशी स्तोत्र म्हणत बसायची आणि थेंबांचा वेग कमी-जास्त करायची. तो पहिल्यांदा प्यायला तेव्हा ती मला हाका मारत जिन्यापर्यंत आली. आईने आयुष्यभर सरडा दिसला की तोंड फिरवलंय सुधीर, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मला त्या हाका विसरता येत नाहीत.

पाणी पोटात गेलं, खोल गेलेले डोळे पुन्हा भरून आले, तरी खाणं नाही. मग डॉक्टर. गाई-म्हशी आणि कुत्री तपासणाऱ्यांची शहरात कमी नाही, पण सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेले फार थोडे. जे भेटले ते फार सावकाश माणूस आहेत. त्यांनी तोंड उघडायला जबरदस्ती केली नाही. हात समोर आणून त्याला चिडू दिलं. चिडला की तो स्वतःच जबडा फाकवतो, तेवढ्या वेळात बॅटरीच्या उजेडात पाहून घेतलं. उजव्या कोपऱ्यात, दातांच्या कडेला, पिवळट गाठ होती. या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट होतो, त्यामुळे आपोआप वाहून जात नाही, काढावाच लागतो. त्यांनी तो काढला, जखम धुतली आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन पुढच्या पायात दिलं. मागच्या अंगात दिलं तर औषध रक्ताबरोबर आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकतं, म्हणून पुढे. दर ७२ तासांनी एक असा क्रम ठरला. ऊब कमी पडली तर हे औषधही नीट लागू पडत नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

म्हणजे मुरलीचं काही अडून बसणं नव्हतं. त्याचं तोंड दुखत होतं. जरा विचार कर, तो जीभ शरीराच्या दीडपट लांब फेकतो, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि मग काटेरी पायांचा टणक रातकिडा त्या सुजलेल्या कोपऱ्यातच चावायचा. कोण खाईल?

आता प्रश्न उरला मऊ अन्नाचा, आणि तो नाशकात जितका वाटतो तितका सोपा नाही. शेजारचा शाळकरी मुलगा मखमलाबादच्या मळ्यातून एक हिरवागार नाकतोडा डबीत घालून घेऊन आला. मुरलीने तो पाहिला मात्र, दोन्ही डोळे एकदम पुढे आणले, अंग पुढे झुकवलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याला काहीतरी खावंसं वाटत होतं आणि मला ती डबी बंद करावी लागली. द्राक्षाचा हंगाम म्हणजे फवारणीचा हंगाम. बांधावरच्या गवतातल्या नाकतोड्याच्या अंगात काय काय असेल, कोण सांगणार? निरोगी प्राणी कदाचित तरून जाईल, आधीच औषधावर असलेला नाही. त्या मुलाचा चेहरा इतका उतरला की मी त्याला पिंजऱ्याशी बसवून हे सगळं समजावलं. हल्ली शाळेतून येताना रोज मुरलीचं वजन विचारून जातो. (चिंगीलाही सांगून ठेव, वळवाच्या दिवसांत भंडारदऱ्याला काजवे बघायला जाल तेव्हा मुरलीसाठी कौतुकाने एखादा आणू नकोस. काही जातींच्या काजव्यांत सरड्यांना मारणारं विष असतं.)

वाट डॉक्टरांनीच दाखवली. म्हणाले, रेशमाच्या अळ्या बघा. कातडी मऊ, अंगात भरपूर पाणी, टणक कवच नाही. येवल्याकडे तुती लावणारा एक शेतकरी ओळखीतून सापडला. पैठणी विणणारं येवला आपल्याला माहीत होतं, रेशमाची अळी मी तिथे पहिल्यांदाच जवळून पाहिली. त्याने संगोपनगृहाच्या दारात चपला काढायला लावल्या, पाय जंतुनाशक पाण्यात बुडवायला लावले आणि खिशात तंबाखू आहे का ते विचारलं, कारण तंबाखूनेही अळ्या मरतात. आत शिरलो तर नुसता पानं कुरतडल्याचा आवाज. मी फवारणीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, या पाल्यावर थेंबभर औषध पडलं असतं तर या अळ्या जित्या दिसल्या असत्या का?" सुधीर, मला तिथेच हायसं वाटलं. सगळ्या शिवारात मला ज्याची खात्री देता येत नव्हती, ती ही अळी नुसती जिवंत राहून देत होती. त्याने पैसे घ्यायला नकार दिला, मी बळेच दिले. वर तुतीच्या पाल्याची जुडीही बांधून दिली.

घरी आल्यावर अळी चिमट्याने पुढे केली नाही. चिमटा पाहिला की त्याला डॉक्टर आठवत असावेत, तो फांदीच्या मागे जायचा. तुतीची डहाळी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जास्वंदीत अडकवली, तिच्यावर दोन अळ्या सोडल्या आणि आम्ही खोलीबाहेर गेलो. या प्राण्याला हालचाल दिसावी लागते, आणि माणूस दिसू नये असं वाटतं. पहिल्या काही वेळा काहीच झालं नाही. अळ्या पाला खाऊन जाड होत राहिल्या. तुझी वहिनी म्हणाली, यांचंच बाळसं वाढतंय.

मग गच्चीवरचं ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते, आणि ते नसलं तर कातडीत ड-जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. या कॅल्शियमवरच जिभेचा स्नायूही चालतो. थंडी सरल्यावर, दहाच्या सुमारास, जास्वंदीची कुंडीच गच्चीवर न्यायची आणि शेजारी बसून राहायचं. वर घारी असतात, कठड्यावर मांजर, त्यामुळे पेपरसुद्धा वाचता येत नाही. पण ऊन लागलं की त्याच्या कळकट अंगावर एकेक हिरवा-पिवळा पट्टा उमटायला लागायचा आणि माझा जीव खाली पडायचा.

तिथेच गच्चीवर तो जेवला. डहाळीवरची अळी पानाच्या कडेला आली, त्याने मान वळवली, जबडा जरासा उघडला, जीभ बाहेर आली आणि अर्ध्यावरच थांबली. मला वाटलं दुखलं. त्याने पुन्हा नेम धरला, या वेळी दोन पावलं पुढे सरकून, आणि घेतली. चावताना डाव्या बाजूने चावत होता. मी हललो नाही. अळी गिळून झाल्यावर त्याने दुसरी शोधली.

आता वजन १२९ आहे. जीभ अजून पूर्वीइतकी लांब जात नाही. रातकिडे बंदच आहेत. अळ्यांवर कॅल्शियमची पूड लावतो, पण रोज लावत नाही. जखम भरत आलीय. आत हाडापर्यंत काही गेलंय का, हे बघायला पुढच्या आठवड्यात एक्स-रे काढायचाय, आणि त्याची मला अजून धास्ती आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. भाच्याला रोज फोटो पाठवतो. तिकडे परीक्षा सुरू आहे त्याची, तरी मध्यरात्री उत्तर येतं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. येवल्याच्या शेतकऱ्याची ही बॅच आता कोषावर चालली, आणि उन्हाळ्यात अळ्या टिकवणं अवघड जातं असं तो म्हणाला. तुमच्या जालन्याला तर रेशीम कोषांची बाजारपेठच आहे, तिथे तुझ्या ओळखीचे लोक असतील. उन्हाळ्यातही बॅच घेणारा कुणी आहे का आणि थोड्या अळ्या देईल का, एवढं विचार. मला शंभराच्या आत पुरतील. डबा कसा भरायचा, पाला किती ठेवायचा, ते मी इथून शिकून कळवतो. जमलं तर चिंगीला घेऊन तूच ये. आई तिच्यासाठी थालीपीठ करणार म्हणतेय, आणि मुरलीला पाणी घालायचं काम एक दिवस चिंगीला द्यायला कबूल झालीय.

वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद. अळ्यांचं लवकर कळव.

तुझा,
विनू